रविवारची भटकंती : हॅसॉक्स ते डिचलिंग बीकन आणि परत

मंडळी, येत्या रविवारी सकाळी 10 वाजता हॅसॉक्स स्टेशनबाहेर जमायचं आहे. लंडनहून गाडी तासाभरात पोहोचते. रविवारचं वेळापत्रक मात्र आदल्या रात्री पुन्हा बघा.

क्लेटनच्या बोगद्याचं किल्ल्यासारखं तोंड बघून थेट चढ. वर जॅक आणि जिल या पवनचक्क्या. पांढरी जिल 1821 साली ब्रायटनमध्ये बांधली आणि पुढे बैल जुंपून इथं ओढत आणली! तिथून माथ्यावरून पूर्वेला डिचलिंग बीकन ही टेकडी, उंची 248 मीटर. आकडा ऐकून सिंहगडवाल्यांनी हसू नये, वाऱ्याला तिथं आडोसाच नाही. उतरून डिचलिंग गावात चहा आणि संध्याकाळपर्यंत परत हॅसॉक्स. एकूण साधारण 13 किलोमीटर.

दोन लिटर पाणी प्रत्येकाने आणाच. खडूच्या डोंगरात पाऊस मुरून जातो, माथ्यावर झरा-ओढा काही नाही. दिसतील ती तळी गुरा-मेंढ्यांसाठी बांधलेली. ओला खडू साबणासारखा निसरडा होतो, त्यामुळे चांगल्या पकडीचेच बूट घाला. मेंढ्या चरत असतात, म्हणून कुत्रा साखळीने बांधलेला हवा आणि फाटकं आठवणीने लावायची.

डबा आपापला. थालीपीठं जास्त झाली तर तक्रार नाही. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा.