टिटवीची अंडी आणि अडेली पेंग्विन

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र परवा मिळाले. पृथ्वी तापत असेल, तर अंटार्क्टिकात अडेली जातीच्या पेंग्विनची घरटी हिमाखाली कशी गाडली जातात, असे तू विचारतोस. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मीही इथेच अडखळलो होतो.

ज्या बेटांवर हे घडते, ती अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर, अमेरिकेच्या पामर संशोधन केंद्राच्या आसपास आहेत. तिथले हिवाळ्याचे सरासरी तापमान १९५० नंतरच्या काही दशकांत सुमारे ६ अंश सेल्सिअसने वाढले आणि समुद्र गोठलेला राहण्याचा काळ बराच आखडला. पूर्वी बर्फाने झाकलेले असे ते पाणी आता उघडे राहते, त्याची वाफ होते आणि तीच वाफ हिम होऊन किनाऱ्यावर पडते. म्हणजे हवा तापली, म्हणूनच तिथे हिम वाढले.

अडेली पेंग्विन ऑक्टोबरमध्ये समुद्रावरून परततो, चोचीने एकेक खडा आणून उंचवटा रचतो आणि नोव्हेंबरमध्ये मादी त्यावर दोन अंडी घालते. वितळलेले पाणी खालून निघून जावे आणि अंडी कोरडी राहावीत, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप. पण वाऱ्याच्या आडोशाच्या उतारांवर आता हिमाचे ढीग साचतात, ऐन उबवणीच्या दिवसांत ते वितळतात आणि अंडी गार पाण्यात बुडून आतला जीव मरतो. पाठीवर हिम साचून नुसते डोके वर दिसत असले, तरी पक्षी घरट्यावरून उठत नाही. हे वाचून मला फार वाईट वाटले.

आपल्या माळावरची टिटवी तुला आठवते ना? खड्यांत खड्यांसारखीच दिसणारी तिची चार अंडी आपण पाय पडता पडता पाहिली होती. पाऊस जास्त होणार असेल तर टिटवी उंचवटा बघून अंडी घालते, असे तुझे आजोबा सांगत. ते खरे की खोटे, हे मी ठरवू शकत नाही. पण अडेलीला ही मुभा जवळजवळ नाहीच. तो वर्षानुवर्षे त्याच वसाहतीत परततो आणि त्याचे वेळापत्रकही सहसा बदलत नाही. उलट, जेंटू ही पेंग्विनची दुसरी जात; तो अंडी उशिरा घालू शकतो आणि पहिली गेली तर पुन्हाही घालतो. १९९० च्या दशकापासून तो या परिसरात प्रजनन करू लागला आहे.

पामरजवळच्या बेटांवर १९७५ च्या सुमारास अडेलीच्या १५,००० हून अधिक जोड्या होत्या. बिल फ्रेझर हे संशोधक तेव्हापासून त्यांची मोजदाद करत आले. पुढे त्यांतल्या बहुतेक नाहीशा झाल्या. याला एकटे हिम कारणीभूत नाही, कारण समुद्रातल्या बर्फावर क्रिल हा कोळंबीसारखा छोटा जीवही अवलंबून असतो आणि क्रिलवर अडेलीचे पोट. तरीही एकाच बेटावर, हिम साचणाऱ्या बाजूच्या वसाहती आधी ओस पडल्या, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. अंटार्क्टिकातल्याच रॉस समुद्राकडे आजही अडेलीच्या लाखो जोड्या आहेत, म्हणून ही जात संपली असे कोणी समजू नये. पण पामरजवळच्या लिचफिल्ड बेटावर किमान ५०० वर्षे असलेली वसाहत २००७ च्या सुमारास रिकामी झाली. तिथे उरले आहेत ते पिढ्यान्‌पिढ्या वेचून आणलेले खडे.

यंदा तुझ्या शेतात टिटवीने अंडी बांधावर घातली की वाफ्यात, ते पुढच्या पत्रात अवश्य लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत