एथरवर ये, पैशांचं नंतर बघू

नाशिक
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मंग्या,

तुला न विचारता एक उद्योग केलाय आणि तो तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यात अर्थ नाही. शिरप्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, 'चाळिशी आली, आता तरी सुधार.' डॉक्टरला सांगायची माझी हिंमत नाही. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू अंगठा टाकून मोकळा झाला असतास, म्हणून हे लांबलचक. दिवाळीच्या तुझ्या मेसेजला उत्तर द्यायचं राहिलं होतं, तेही यातच धर. आईचा गुडघा ठीक, माझी शुगर काठावर. झालं.

मी वॉव, म्हणजे आपलं वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, सोडलं. दर वेळी भांडून सोडतो तसं नाही, खरंच सोडलं. महिन्याचे पैसे बंद केले. माझं कॅरेक्टर, तो बैल, ऑर्ग्रिमार शहरातल्या बँकेसमोर उभा आहे, तो आता तिथेच राहील. आणि तसलाच दुसरा ऑनलाइन खेळ, फायनल फँटसी चौदा, सुरू केला. हो, तेच, ज्याला तू, मी आणि बाप्या २०१० साली पोट धरून हसलो होतो.

तेव्हा ते हसण्यासारखंच होतं म्हणा. सप्टेंबरात आलं आणि इतकं फसलं की डिसेंबरात कंपनीने कारभारीच बदलला. योशिदा नावाचा माणूस बसवला. त्याने जुना खेळ डागडुजी करून चालू ठेवला, मागच्या खोलीत नवा बांधायला घेतला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये जुन्या जगावर चक्क चंद्र पाडला. दलामुड नावाचा तांबडा चंद्र आकाशात वाढत वाढत खाली येत होता. तो फुटला, आतून बहामुट नावाचा ड्रॅगन निघाला, त्याने सगळं जाळलं आणि सर्व्हर बंद! ऑगस्ट २०१३ मध्ये नवा खेळ उघडला तेव्हा गोष्टीत पाच वर्षं उलटलेली. फसलेला माल गुपचूप मागे घेणारे पुष्कळ पाहिलेत, पण त्याचंच कथानक करणारा हा पहिलाच.

आता यातला तुझ्यासाठीचा भाग. त्या नव्या जगातल्या लोकांना आठवतं की कुणीतरी वीर होते, आपल्यासाठी लढले. पण चेहरे आठवत नाहीत. आठवायला गेलं की उजेडात उभ्या असलेल्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. आणि जुन्या फसलेल्या खेळात जे टिकून पैसे भरत राहिले, त्यांच्या कॅरेक्टरच्या मानेवर एक खूण गोंदवून दिलीय. मी नवखा, माझी मान कोरी. पण तो सीन पाहताना मला वॉवमधली आपली टोळी, 'तर्री'च दिसत होती. करझानच्या मनोऱ्याच्या दारात दहा जण आणि त्यातला एक जेवायला गेलेला. (तूच.) बायको पाणी प्यायला उठली, म्हणाली, रडताय की काय? मी म्हटलं, स्क्रीनचा ब्राइटनेस जास्त आहे.

आपलंही जग फुटलं होतंच की. डिसेंबर २०१०, वॉवचा कॅटॅक्लिझम हा नवा भाग, बॅरन्सच्या मुलखाचे दोन तुकडे, आणि त्याच महिन्यात तुझा व्हिसा. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही हे मला कळतं. बाप्याला अजून पटलेलं नाही.

तर उद्योग असा. या खेळात आधी डेटा सेंटर निवडावं लागतं. जपान, युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया. भारतात काही नाही, ते वॉवचंही नव्हतं. शहाणा माणूस नाशिकमधून जपान घेईल, नाहीतर युरोप. मी अमेरिका घेतली. एथर डेटा सेंटर, सायरन नावाचा सर्व्हर. का, ते तुला कळलंच असेल. जपानात कॅरेक्टर काढलं असतं तर तू तिकडे अमेरिकेत, एडिसनमध्ये, तिथला सर्व्हर घेऊन कितीही उड्या मारल्यास तरी माझ्या सर्व्हरवर पोचला नसतास. आणि तुला मी अजून विचारलेलंही नाही की बाबा, तू खेळणार आहेस का! तू शेवटचा कधी लॉगिन झालास ते मी बोलत नाही. मुलगी झाल्यापासून नाही, एवढं माहीत आहे.

परिणाम भोगतोय. इथे शत्रू जमिनीवर नारिंगी डाग काढतो आणि त्याच्या नावाखालची पट्टी भरली की तिथे आदळतो. आपण डागाबाहेर पडायचं. मी पडतो. माझ्या स्क्रीनवर मी स्वच्छ बाहेर उभा असतो, पण अमेरिकेतल्या सर्व्हरच्या हिशेबात अजून आतच असतो, आणि रट्टा बसतो. एरवी लॅग फारसा जाणवत नाही, कारण खेळच सावकाश आहे. वॉवमध्ये दीड सेकंदाला एक चाल, इथे अडीच सेकंदांना. सुरुवातीला वाटलं कीबोर्ड बिघडला. दगड मार, थांब. दगड मार, थांब. खरंच दगडच मारतो मी, मंत्राचं नावच स्टोन आहे.

कारण मी हीलर झालोय, दुसऱ्यांच्या जखमा भरणारा. हस, हस. बैल गेला, टँक म्हणजे पुढे उभं राहून मार खाणं गेलं, ढाल गेली. कंजरर घेतलाय, ग्रिडानिया नावाच्या जंगलातल्या गावात सुरुवात होते. आणि जात घेतलीय लालाफेल, म्हणजे बेसनाच्या लाडवाला हातपाय फुटावेत तसा प्राणी. बाकीचे कमरेच्या वरून बघतात माझ्याकडे. इथे एकाच कॅरेक्टरने सगळे धंदे शिकता येतात. हातातलं शस्त्र बदललं की माणूस बदलला, नवं कॅरेक्टर पहिल्यापासून ओढत आणायला नको. लढणारे तर आहेतच, शिवाय कारागीर. सुतार, लोहार, चिलखतं घडवणारा, सोनार, चांभार, विणकर, औषधं करणारा, आचारी. वर खाणकाम, झाडपाला आणि मासेमारी. अकरा झाले. बारा बलुतेदार पुरे करायला न्हावी हवा होता, तर तोही आहे, फक्त त्याचा धंदा आपल्याला करता येत नाही, त्याच्याकडून केस तेवढे कापून घ्यायचे. मासेमारी तुझ्यासाठीच ठेवलीय. लिम्सा लोमिन्सा म्हणून बंदर आहे, तिथे शिकवतात. रेडच्या, म्हणजे सगळ्या टोळीने मिळून करायच्या मोहिमेच्या, मधल्या सुट्टीत गळ टाकून बसणारा आणि मग 'एक मिनिट, लागलाय' म्हणून पंचवीस जणांना ताटकळत ठेवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

कंटाळाही आहे, खोटं कशाला सांगू. मला मुख्य गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. डंजन म्हणजे गटाने लढायच्या गुहा, घोड्याऐवजी मिळणारा तो पिवळा चोकोबो, पुढचे मुलूख, सगळं गोष्टीच्या दोरीला बांधलेलं. आणि गोष्ट म्हणजे याला भेट, त्याला निरोप दे, परत ये. वेकिंग सँड्स नावाचं एक तळघर आहे, तिथल्या बाई येताजाता बोलावतात आणि त्या गावात बाकीच्या गावांसारखा उडी मारून उतरायचा थांबाच नाही. शेजारच्या गावी उतरून पायपीट. जुने लोक सांगतात की २०२० मध्ये यातली बरीच कामं छाटली. छाटून एवढी, मग आधी काय होतं!

बरं, आता जे सांगायला बसलो ते. पहिलं डंजन सास्ताशा, चाच्यांची गुहा. चार जण लागतात, टँक, हीलर, दोन मारणारे. बटण दाबलं, खेळाने कुठून कुठून चार माणसं आणून उभी केली. हो, मला माहितेय तू काय म्हणणार. २००९ च्या डिसेंबरात वॉवमध्ये डंजन फाइंडर आला तेव्हा मी आपल्या गिल्डच्या, टोळीच्या चॅटवर निबंध लिहिला होता, की आता ओळखीपाळखी संपल्या, माणसं रिक्षासारखी बोलावणार. आणि तू म्हणाला होतास, तासभर ऑर्ग्रिमारमध्ये 'टँक पाहिजे' ओरडण्यापेक्षा बरं. तो वाद मिटलेला नाही. मी फक्त बटण दाबलं एवढंच.

माझ्या नावापुढे नवख्याचं हिरवं कोंबाचं चिन्ह असतं. स्क्रीनवर आलं की तुमच्यात एक जण इथे पहिल्यांदा आलाय, संपवलंत तर सगळ्यांना बोनस. आणि मंग्या, सगळे खूश! वॉवमध्ये नवा हीलर दिसला की लोक न बोलता काढून टाकायचे. इथे नवखा म्हणजे शकुन. पैसे देऊन विकत घेतलेला चांगुलपणा आहे, दिसतंय ते. पण विकतचा का होईना, आहे. तिथे तांबडं, निळं, हिरवं अशी तीन पोवळी असतात आणि कोणतं दाबायचं ते एका रक्ताळलेल्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं. बाकीच्या तिघांना ती वाट पाठ असणार, पण मी ती चिठ्ठी वाचेपर्यंत तिघेही थांबले.

आणि मग टँक सुटला. समोरचे सगळे घेऊन पळाला, मागे न बघता, माझा मंत्र पोचण्याच्या पलीकडे. तो मेला, पाठोपाठ आम्ही. मी बोटं मोडून टाइप करायला घेतलं तर त्याचंच आलं, 'सॉरी, माझी चूक, तू छान करतोयस.' मी खुर्चीत मागे रेललो. तो माझ्यासारखाच पळत होता रे, अगदी डिट्टो. यावरून मी तेव्हा चूक होतो असा अर्थ अजिबात काढू नकोस. तू मागे पडायचास कारण तू मासे धरत असायचास. आणि गोरहाऊल पडली तेव्हा 'नीड', म्हणजे 'मला हवी', दाबून ती कुऱ्हाड तूच जिंकली होतीस, हीलर असून, आणि ती तुझ्या बँकेत गंजली, हेही विसरलेलो नाही.

डंजन संपलं, 'थँक यू, बाय', आणि तिघं गायब. नंतर कळलं की त्यातल्या कुणीतरी मला शाबासकीचं मत देऊन गेलं. कुणी ते कळत नाही, तसा नियमच आहे. मला इतका आनंद झाला की लाज वाटली.

आणि तिथेच घोडं अडलंय. हे सगळं मला आवडतंय, मंग्या. सकाळी दूध तापेपर्यंत एखादं काम उरकतो, डंजनात माणसं नको असली तर खेळातलीच पात्रं सोबत घेऊन जाता येतं, कुणाची वाट बघायची नाही, कुणी माझी बघत नाही. रात्री साडेनऊला मी नसलो तर नऊ जण करझानच्या दारात शिव्या देत बसायचे, फोन यायचा, एकदा बाप्या स्कूटर घेऊन घरी आला होता. बाबांनी त्याला जेवायला बसवलं आणि रेड गेली. त्या वेळी मी म्हणायचो की ही नोकरी झाली. आता ती नोकरी नाही आणि मला बरं वाटतंय, हेच मला बरं वाटत नाही. गेल्या आठवड्यात दोन तास खेळलो, एक शब्द टाइप केला नाही, आणि उठताना वाटलं, काय छान वेळ गेला. असा मी कधी होतो? का सगळेच असे होतात? तू तिकडे इतक्या वर्षांत एकटेपणाला सरावलायस की तुलाही माणसं हवी असतात, हे मी तुला कधी विचारलं नाही. सोड.

घराची कागदपत्रं झाली का? चिऊ शाळेत रुळली? वहिनींना सांग, लोणचं पाठवतोय, अमितबरोबर. कार्डाचं काय झालं ते फोनवर सांग, इथे लिहू नकोस.

तर व्यवहाराचं बोलतो. फुकटात लेव्हल ७० पर्यंत खेळता येतं, मूळ खेळ आणि पुढचे दोन भाग, दिवसांची मर्यादा नाही. मीही अजून फुकट्याच आहे. पण फुकट्याला बंधनं आहेत. बाजारात खरेदी-विक्री नाही, गिल, म्हणजे इथला पैसा, तीन लाखांवर साठत नाही, गिल्डमध्ये शिरता येत नाही, कुणाला खाजगी निरोप पाठवता येत नाही आणि पार्टी काढता येत नाही, फक्त दुसऱ्याने बोलावलं तर जाता येतं. म्हणजे दोघेही फुकटे राहिलो तर ना मी तुला बोलावू शकतो ना तू मला. ग्रिडानियात समोरासमोर उभं राहून मोठ्याने बोलावं लागेल, येणारेजाणारे ऐकतील. तेव्हा दोघांतल्या एकाने पैसे भरणं भाग आहे. महिन्याला तेरा डॉलरच्या घरात. आणि एकदा भरले की परत फुकट्या होता येत नाही.

तू डॉलरमध्ये कमावतोस. शिवाय वॉवमध्ये जलद उडायला शिकण्यासाठी २००७ मध्ये मी तुला पाच हजार सोनं दिलं होतं, त्यातलं तू चौदाशे फेडलंस. तू म्हणशील दोन हजार. चौदाशे.

माझे सकाळचे साडेसहा म्हणजे तुझे रात्रीचे नऊ, थंडीत आठ. शनिवारी मी उठून बसतो. चिऊ झोपली नसेल तर तिला कॅरेक्टरचे केस निवडायला बसव, तासभर हलणार नाही.

तुझा,
सुन्या

ता.क. पैसे भरायचं ठरवलंस तर आधी मला विचार. स्टीम या ऑनलाइन दुकानातून एकदा घेतलं की पुढचे सगळे भागही स्टीमवरच घ्यावे लागतात. आणि सर्व्हर सायरन. बाप्याला यातलं काही बोलू नकोस, तो जपानात कॅरेक्टर काढून बसेल.