स्फोटाचा खटला घटनास्थळीच कमकुवत होतो

मा. संपादक,
स. न.

मालेगावच्या २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटाच्या खटल्यात विशेष न्यायालयाने ३१ जुलै २०२५ रोजी सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. त्यानंतर चर्चा रंगली ती राजकारणाची. निकालात तपासाबद्दल जे म्हटले आहे ते मागेच राहिले. घटनास्थळाचा नकाशा काढला नव्हता, बोटांचे ठसे घेतले नव्हते आणि नमुने दूषित झाल्याने त्यांच्या अहवालावर विसंबता येत नाही, असे न्यायालयाने नोंदवले. स्फोट झाला हे सिद्ध झाले, पण बॉम्ब घटनास्थळी सापडलेल्या मोटारसायकलमध्येच होता हे सिद्ध झाले नाही. त्याच्या दहाच दिवस आधी उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात जप्त मुद्देमालाच्या सीलबद्दल आणि ताब्याबद्दल गंभीर आक्षेप घेतले होते. (त्या निकालाचा दाखला अन्य खटल्यांत देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नंतर सांगितले आहे.)

या चुका प्रयोगशाळेत होत नाहीत, रस्त्यावर होतात. आधी बॉम्बशोधक व नाशक पथकाने दुसरा बॉम्ब नाही याची खात्री करायची आणि जखमींना हलवायचे. त्यानंतर सर्वांत दूर उडालेला तुकडा शोधून खड्ड्यापासून त्याचे अंतर मोजायचे आणि त्याच्या दीडपट अंतरावर दोरी बांधायची. तुकडा ६० मीटरवर सापडला, तर बंदोबस्त ९० मीटरवर हवा. खड्ड्याभोवती दोरी गुंडाळून वाहतूक सुरू केली की टायमरचे, बॅटरीचे, वायरचे तुकडे टायरखाली जातात. रस्ता धुण्याची घाई तर त्याहून वाईट, कारण स्फोटकांत वापरले जाणारे अमोनियम नायट्रेट पाण्यात विरघळते. आग विझल्यावर पाण्याचा मारा थांबलाच पाहिजे.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते तुलनेच्या नमुन्याकडे. खड्ड्यातली माती सगळेच उचलतात, पण स्फोटाची झळ न पोहोचलेली, त्याच रस्त्यावरची मातीही वेगळ्या डब्यात घ्यावी लागते. नायट्रेट खतात असते, मूत्राने भिजलेल्या मातीतही असते. अहवालात ‘नायट्रेट आढळले’ एवढेच असेल, तर बचाव पक्षाचा वकील नेमका हाच प्रश्न विचारणार, आणि तुलनेचा नमुना नसेल तर त्याला उत्तर नाही. तसेच न वापरलेला कापसाचा बोळा, हातमोजे यांचाही कोरा नमुना पाठवायला हवा. आरडीएक्ससारख्या पदार्थांसाठी ॲसिटोनचा बोळा, क्षारांसाठी ऊर्ध्वपातित पाण्याचा. नमुने घेणारा माणूस बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकातला नसावा, कारण त्याच्या कपड्यांवर आणि हातांवर रोजच्या कामातली स्फोटके असू शकतात. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून इंधनाची वाफ निघून जाते. त्यासाठी घट्ट झाकणाचा कोरा पत्र्याचा डबा किंवा नायलॉनची पिशवी लागते.

रुग्णालय हेही घटनास्थळच आहे, याचा विसर पडतो. शवविच्छेदनाआधी एक्स-रे काढला तर शरीरात घुसलेले तुकडे निसटत नाहीत. रक्ताने भिजलेले कपडे वाळवून, प्रत्येकाचे वेगळे, कागदी पाकिटात ठेवावेत.

वाहनाचा क्रमांक तर अख्ख्या तपासाला दिशा देऊ शकतो. १९९५ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीच्या स्फोटानंतर ट्रकच्या मागच्या आसावरील क्रमांकावरून तपास भाड्याने दिलेल्या त्या ट्रकपर्यंत पोहोचला. घासून टाकलेला चासी क्रमांकही बऱ्याचदा परत मिळतो, कारण ठसा उमटवताना त्याखालचा धातू दाबला गेलेला असतो. पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर आम्ल लावले की आकडे दिसू लागतात. मात्र घासणे खोल असेल किंवा सुटा भाग उघड्यावर गंजत पडला असेल, तर काही आकडे कायमचे जातात.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे, पण त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. तोवर निदान प्रत्येक उपविभागात एक पेटी असावी: मोजपट्टी, कोरे डबे, नायलॉनच्या पिशव्या, ६ आणि ३ मिलिमीटरच्या चाळण्या, सील करण्यासाठी लाख. आणि एकच अधिकारी मुद्देमालासाठी नेमावा. पंचांसमोर जागेवरच सील करणे, पंचनाम्यात सीलचा नमुना उमटवणे आणि डबा प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत प्रत्येक हस्तांतराची वेळेसह सही घेणे, ही त्याची जबाबदारी असावी.

– एक वाचक, नाशिक