दाढ न काढल्याबद्दल आभार

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सा. न. वि. वि.

आईचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचे आभार आम्ही हॉस्पिटलातच मानले. हे पत्र तुम्हाला, कारण तुम्ही तिची दाढ काढली नाहीत.

तुमच्याकडे येण्याआधी तिच्या दोन दाढा दुसरीकडे काढून झाल्या होत्या आणि दुखणं तसंच होतं. दात घासताना, तोंड धुताना, नुसता पंख्याचा वारा गालावर आला तरी जीवघेणी कळ यायची. बोलणं तिने जवळजवळ सोडलं होतं. तिसरीही दाढ काढून टाका, असं ती हात जोडून म्हणत होती. तुम्ही दाढेवर ठोकून पाहिलंत, थंड पाणी लावलंत, एक्स-रे पाहिलात. मग कापसाचा बोळा नाकपुडीशेजारी अलगद टेकवलात आणि आई खुर्चीत ताठ झाली. काही सेकंदांत कळ ओसरली. "मावशी, दाढ ठणठणीत आहे, मी काढणार नाही. दुखणं नसेचं आहे," म्हणत तुम्ही न्यूरॉलॉजिस्टच्या नावे चिठ्ठी लिहिलीत. दाढ काढली असतीत तर फी मिळाली असती आणि आईने वर आशीर्वादही दिला असता.

ट्रायजेमिनल न्यूरॅल्जियाच निघाला. चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणारी नस जिथे मेंदूला मिळते, तिथेच एक धमनी तिला टेकली होती. ठोक्यागणिक दाब पडून नसेचं आवरण झिजतं आणि साधा स्पर्शही वेदना होऊन पोचतो. कार्बामाझेपिनने सुरुवातीला छान आराम पडला, पण डोस वाढला तशी गुंगी वाढली, सोडियम उतरलं. मग ऑपरेशन ठरलं. कानामागच्या हाडाला छोटं भोक पाडून, मायक्रोस्कोपखाली धमनी नसेपासून सोडवतात आणि मध्ये टेफ्लॉनचे तंतू ठेवतात. नस कापत नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. त्या बाजूचा कान जाऊ शकतो, हे सर्जननी आधीच सांगितलं होतं. आईला नीट ऐकू येतंय.

हे ऑपरेशन रूढ केलं अमेरिकेतल्या पीटर जॅनेटा यांनी. १९६०च्या दशकात, शिकाऊ न्यूरोसर्जन असताना, नसेवर टेकलेली रक्तवाहिनी त्यांच्या नजरेत भरली ती दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी शवविच्छेदन करताना! हे वाचलं तेव्हा आधी तुम्हीच आठवलात. पुढे कितीतरी वर्षं अनेक सर्जनना त्यांचं म्हणणं पटत नव्हतं. १९९६ साली हजारावर पेशंटची माहिती प्रसिद्ध झाली: ऑपरेशननंतर दहा वर्षांनीही सुमारे ७० टक्के लोक औषधाशिवाय वेदनामुक्त होते.

तुमच्या ओळखीच्या दंतवैद्यांना आईची केस जरूर सांगा, तिची परवानगी आहे. चांगल्या दाढा अशा गमावणारे पेशंट आणखीही असतील.

पुढच्या महिन्यात तिला तपासणीला आणतो. गेलेल्या दोन दाढांच्या जागी काय बसवायचं, ते तुम्हीच ठरवायचं, असं तिने बजावलं आहे.

आपला कृतज्ञ,
मावशींचा मुलगा