किकऑफ म्हणजे औपचारिकता नाही हो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळचा साताऱ्याचा, गेली बरीच वर्षं न्यू जर्सीत राहतो आणि तुमचा पेपर रोज सकाळी मोबाईलवर वाचतो. परवा क्रीडा पानावर अमेरिकन फुटबॉलवर लेख दिसला, खूप बरं वाटलं, मराठीत या खेळावर फार कमी वाचायला मिळतं. पण त्यात एक वाक्य होतं की किकऑफ ही सामना सुरू करायची निव्वळ औपचारिकता आहे आणि ती बंदच केलेली बरी. ते अजिबात पटलं नाही म्हणून लिहितोय.

माझा मुलगा इथल्या हायस्कूलच्या टीममध्ये किकऑफ कव्हरेजला असतो. म्हणजे आपल्या किकरने बॉल लांब मारला की समोरचा तो पकडून आपल्याकडे धावत सुटतो, त्याला रोखायला जे दहा जण पळत जातात त्यातला तो एक. आणि किकऑफ सुरुवातीलाच नसतो, कोणाचे पॉइंट झाले की त्यानंतरही असतो. माझी आई साताऱ्याहून फोनवर विचारायची, अरे पण तो बॉल कधी धरणार? तिला समजावता समजावता मलाच हा प्रकार नीट कळला, शिवाय टीमचं व्हिडिओ शूटिंग माझ्याकडे आहे त्यामुळे कोच काय सांगतात ते दर आठवड्याला कानावर पडतं.

मैदानाची रुंदी 53 यार्डांहून थोडी जास्त, धावणारी पोरं दहा, म्हणजे एकेकाच्या वाट्याला साधारण 5 यार्डांची पट्टी येते, तिला लेन म्हणतात. आमच्याकडे डावीकडचे पाच एल, उजवीकडचे पाच आर, माझा मुलगा आर-3. सुरुवातीला जीव खाऊन पळायचं, ब्लॉक करायला कोणी आडवा आला तर त्याला चुकवायचं पण लगेच आपल्या लेनमध्ये परत यायचं, आणि बॉलवाला जवळ आला की पावलं लहान करून कंबर खाली घ्यायची, नाहीतर तो एका झटक्यात बाजूने निघून जातो. सगळ्यात कडेच्या दोघांनी त्याला बाहेरून जाऊ द्यायचं नाही, मग अख्ख्या सीझनमध्ये त्यांच्या नावावर एकही टॅकल (बॉलवाल्याला धरून पाडणं) लागला नाही तरी चालेल. किकर मागे शेवटचा पहारेकरी. आणि कोच सारखं एकच सांगतात, आपल्याच रंगाच्या जर्सीच्या मागे धावू नका, तिथे तुमचा माणूस आधीच पोचलाय.

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. बॉल डावीकडे चाललाय असं दिसलं म्हणून माझा मुलगा लेन सोडून तिकडे पळाला, बॉलवाल्याने एकदम दिशा बदलली आणि त्याच रिकाम्या जागेतून थेट टचडाउन, म्हणजे बॉल घेऊन आमच्या टोकाची रेषा ओलांडून 6 पॉइंट. दुसऱ्या दिवशी कोचनी व्हिडिओ थांबवला, मागे घेतला, पुन्हा थांबवला आणि स्क्रीनवरच्या मोकळ्या गवतावर बोट ठेवून विचारलं, इथे कोण पाहिजे होतं? पोराने हात वर केला. कोच एक शब्द ओरडले नाहीत. सोमवारी मैदानावर नारिंगी कोनांच्या रांगा लावल्या आणि सगळ्यांना 20 मिनिटं बॉलशिवाय नुसतं लेनमध्ये पळवलं. मी शाळेत कबड्डी खेळलोय, तिथेही कोपऱ्यातला गडी घाईने जागा सोडून मध्ये घुसला की चढाई करणारा त्याच बाजूने निसटतो, त्यामुळे मला हे लगेच पटलं.

मोठ्या टीम पण याच चुकीला बळी पडल्यात. 8 जानेवारी 2000 ला नॅशविलमध्ये बफेलो बिल्स 16-15 ने पुढे होते, 16 सेकंद उरले होते, त्यांनी किक मारली, टेनेसी टायटन्सच्या फ्रँक वायचेककडे बॉल आला आणि तो उजवीकडे सरकतोय बघून कव्हरेज पण तिकडे ओढलं गेलं, मग त्याने बॉल मैदानाच्या पार दुसऱ्या बाजूला केविन डायसनकडे फेकला आणि डायसन 75 यार्ड पळत गेला. 22-16, बिल्स स्पर्धेतून बाहेर. त्यानंतर बिल्सच्या स्पेशल टीम्स कोचची (किकचे प्रसंग सांभाळणारा कोच) नोकरी गेली. औपचारिकतेपायी कोणाची नोकरी जाते का सांगा.

आणि बॉल कुठे मारायचा हा निर्णय पण तेवढाच मोठा. हेच बिल्स 23 जानेवारी 2022 ला कॅन्सस सिटीत 3 पॉइंटने पुढे होते, 13 सेकंद बाकी, त्यांनी बॉल एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्टीच्या, पार मारला, याला टचबॅक म्हणतात, बॉल परत पळवलाच जात नाही. त्यामुळे घड्याळ हललंच नाही आणि कॅन्सस सिटीच्या चीफ्स टीमला आपल्या 25 यार्डच्या रेषेवरून अख्खे 13 सेकंद मिळाले. दोन चालींत 44 यार्ड, मग फील्ड गोल (बॉल पायाने खांबांमधून मारून 3 पॉइंट), बरोबरी, ओव्हरटाइममध्ये बिल्स हरले. बॉल बुटका, जमिनीवरून उसळत मारला असता तर तो उचलून पळण्यात काही सेकंद गेले असते. माझ्या मते ती चूकच होती, टचडाउनची भीती असली तरी.

आता नियमांबद्दल. 2011 मध्ये एनएफएलने, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगने, किक 30 ऐवजी 35 यार्डच्या रेषेवर, म्हणजे 5 यार्ड पुढे आणली, त्यामुळे बॉल परत घेऊन पळणं कमी कमी होत गेलं, फेब्रुवारी 2024 च्या सुपर बाउलमध्ये (लीगचा अंतिम सामना) तर 13 किकऑफ झाले आणि एकही परत पळवला गेला नाही. तेवढंच बघितलं तर तुमच्या लेखकाचं म्हणणं बरोबर वाटेल. पण त्याच वर्षी नवीन नियम आला, कव्हरेजचे दहा जण समोरच्यांच्या 40 यार्डवरच उभे, बॉल पडेपर्यंत किंवा कोणी झेलेपर्यंत हलायचं नाही, म्हणजे लांबून धावत येऊन धडकणं बंद. 2025 मध्ये टचबॅकला बॉल 35 यार्डवर द्यायला लागले, त्यामुळे उगाच लांब मारून सुटका नाही. किकऑफमध्ये परत जीव आलाय.

हायस्कूलला मात्र जुनीच पद्धत. किक 40 यार्डवरून, गोल लाइन (एंड झोनची रेषा) ओलांडली की बॉल डेड, म्हणजे परत पळवता येत नाही, पण 60 यार्ड मारणारी पोरं असतात किती? त्यामुळे बहुतेक बॉल परत येतात आणि पोरं पूर्ण वेगाने एकमेकांवर जातात. आमच्याच राज्यातल्या रटगर्स विद्यापीठाचा एरिक लग्रँड 16 ऑक्टोबर 2010 ला किकऑफ कव्हरेजमध्ये टॅकल करताना मानेचे मणके मोडून मानेखाली लुळा पडला. बाप म्हणून मला हे विसरता येत नाही. म्हणूनच कोच प्रत्येक सरावात डोकं वर, ज्याला धरताय तो दिसला पाहिजे, असं ओरडतात तेव्हा मला धीर येतो. आणि ओळखीतल्या एका मुलाच्या शाळेत हा सराव शेवटच्या 10 मिनिटांत, पोरं दमलेली असताना उरकतात हे ऐकलं तेव्हा रात्री झोप लागली नाही.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या लेखात किकऑफला अर्धं पान द्या आणि दहा लेनची एक आकृती छापा. इथे बऱ्याच मराठी घरांतली पोरं आता हा खेळ खेळतात, आईवडिलांना तेवढी आकृती बघून पण आपला मुलगा कुठे उभा आहे ते कळेल. व्हिडिओतल्या चित्रांवरून आकृती मी काढून पाठवायला तयार आहे, मुलांचे चेहरे न दाखवता.

आपला नम्र,
एक वाचक, न्यू जर्सी