‘अफेक्ट’, ‘इफेक्ट’ आणि मराठीतला ‘वर’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘अफेक्ट’ हे क्रियापद आणि ‘इफेक्ट’ हे नाम, एवढे लक्षात ठेवले की चूक होत नाही, असे आपल्या विद्यार्थी पुरवणीत सांगितले आहे. मराठी माध्यमाच्या शाळेत मी बावीस वर्षे इंग्रजी शिकवते आहे. हा नियम बहुतेक वेळा लागू पडतो, पण आपली मुले अडखळतात ती जागा वेगळीच आहे.

‘अफेक्ट’ म्हणजे परिणाम करणे आणि ‘इफेक्ट’ म्हणजे परिणाम, हे मुलांना लगेच कळते. मात्र मराठीत आपण ‘परिणाम’ या नामाला ‘होणे’ किंवा ‘करणे’ जोडतो आणि ज्याच्यावर तो होतो त्याला ‘वर’ लावतो. (‘पाणी बाधले’ यातले ‘बाधणे’ ‘अफेक्ट’च्या जवळ जाते, पण ते वाईट परिणामापुरतेच.) बोलतानाही ‘तब्येतीवर इफेक्ट झाला’, ‘धंदा अफेक्ट झाला’ असे आपण सर्रास म्हणतो आणि ‘झाला’ जोडताच मूळ शब्द नाम होता की क्रियापद, याचा मागमूस उरत नाही.

नववीतल्या एका मुलीने वहीत ‘स्मोकिंग अफेक्ट्स ऑन हेल्थ’ असे लिहिले होते. मी त्यातला ‘ऑन’ खोडला, तेव्हा तिने विचारले, “बाई, मग ‘वर’ कुठे गेला?” प्रश्न अगदी रास्त होता. ‘अफेक्ट’ला थेट कर्म लागते, ‘ऑन’ येतो तो ‘इफेक्ट’ या नामाबरोबर, आणि त्या नामाला आधाराला दुसरे क्रियापद घ्यावे लागते: ‘स्मोकिंग हॅज ॲन इफेक्ट ऑन हेल्थ’. ही रचना आपल्या ‘आरोग्यावर परिणाम होतो’ याच्या जवळची असल्याने मी आता तीच आधी शिकवते.

शिवाय ‘इफेक्ट’ हे क्रियापदही आहे. ‘टू इफेक्ट अ चेंज’ म्हणजे बदल घडवून आणणे. तिथे ‘अफेक्ट’ लिहिले तर बदलावर परिणाम करणे असा निराळाच अर्थ होतो. पुरवणीतला नियम पाठ केलेला विद्यार्थी नेमका इथे बरोबर शब्द खोडून चुकीचा लिहील. मानसशास्त्रात ‘अफेक्ट’ नाम म्हणूनही वापरतात, पण शालेय मुलांना त्याची गरज नाही.

पुढच्या अंकात हा खुलासा छापावा आणि ‘अफेक्ट्स हेल्थ’ व ‘हॅज ॲन इफेक्ट ऑन हेल्थ’ ही दोन्ही वाक्ये त्यांच्या मराठी अर्थासह शेजारी शेजारी द्यावीत, ही विनंती.

– एक इंग्रजी शिक्षिका, सातारा