रिबेकाचा तीन एकर गहू

सातारा

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या मनगटाचे हाड मोडून महिना झाला, हे मला परवा तुझ्या मावशीकडून कळले. त्या महिन्यात आपण चार रविवार व्हिडिओवर बोललो. दर वेळी तू डावा हात पडद्याबाहेर ठेवून "इकडे सगळे छान आहे" असे सांगत राहिलीस, आणि मी मात्र मुलगी वाळली की काय एवढेच पाहत बसले. रागावण्यासाठी लिहीत नाही. पण गेल्या उन्हाळ्यात तू आम्हांला सेंट लुईसहून गाडीने इलिनॉय नदीकाठच्या पाइक काउंटीत नेलेस, तेव्हापासून तिथली एक बाई माझ्या मनातून जात नाही, आणि तिची हकीकत तुला सांगायची राहिली आहे.

रिबेका बर्लेंड मूळची इंग्लंडातल्या यॉर्कशायरची. तिचा नवरा जॉन खंडाने शेती करी. धान्याला भाव नाही आणि खंड मात्र चुकत नाही, अशा कात्रीत ते कुटुंब सापडले होते. त्यांच्या ओळखीतल्या एकाने इलिनॉयहून आपल्या भावाला पत्रे धाडली होती, की हा दुधामधाचा देश आहे. त्या भरवशावर १८३१ साली हे दोघे पाच मुलांना घेऊन लिव्हरपूलहून निघाले आणि दोन महिन्यांनी न्यू ऑर्लिन्सला उतरले. तिथून मिसिसिपी नदीने सेंट लुईस, म्हणजे तुझेच गाव, आणि पुढे दुसऱ्या आगबोटीने इलिनॉय नदीवरची फिलिप्स फेरी. नाव ऐकून काही वस्ती असेल असे त्यांना वाटले होते. नोव्हेंबरातल्या रात्री आगबोट त्यांना काठावर उतरवून निघून गेली, तेव्हा समोर एकही घर दिसेना. नवराबायको एकमेकांकडे पाहत राहिली, दोघांनाही रडू कोसळले, आणि ते पाहून मुलांनी भोकाड पसरले. पत्रे लिहिणाऱ्याचे घर नंतर सापडले; ती ओंडक्यांची एक कळकट खोपटी होती.

त्यांनी ८० एकर जमीन घेतली. सरकारी दर एकरी सव्वा डॉलर, म्हणून १०० डॉलर क्विन्सीच्या जमीन कचेरीत भरले, आणि आधी तिथे राहून थोडे रान साफ केलेल्या माणसाला त्याच्या मेहनतीचे पैसे वेगळे दिले. (ही जमीन इतकी स्वस्त कशी, हा प्रश्न मला पडला होता. १८३२ मध्ये तिथल्या मूळनिवासी सौक जमातीचा पुढारी ब्लॅक हॉक आपल्या लोकांना घेऊन मिसिसिपी ओलांडून जुन्या मुलखात परत आला, तेव्हा त्यांना मारून हाकलून देण्यात आले. त्याच इलिनॉयमध्ये, हे कुटुंब आल्याच्या पुढच्याच वर्षी.) जमिनीत मेपलची पुष्कळ झाडे होती. थंडी सरताना, रात्री गोठते आणि दिवसा वितळते अशा दिवसांत, खोडाला भोक पाडून रस धरायचा आणि तो आटवून साखर करायची, हे ती माणसे पहिल्याच वर्षी शिकली, आणि दुकानदाराकडे ती साखर देऊन त्यांनी घरात धान्य आणले. आपल्या गुऱ्हाळासारखेच, फक्त ऊस नाही आणि काहीलही लहान.

पण मला आठवतो तो गहू. पहिला तीन एकर गहू कापणीला आला, आणि जॉन विळ्यावर पडून त्याचा गुडघा कापला गेला. जखम चिघळली, तो अंथरुणाला खिळला, तो जगेल की नाही अशी वेळ आली. पीक झडून गेले असते तर पुढचे वर्षही गेले असते. तेव्हा रिबेकाने सोबतच्या मुलांपैकी थोरल्याला, जेमतेम नऊ-दहा वर्षांच्या पोराला, हाताशी धरले आणि तो सगळा गहू कापला. मी शेतकऱ्याची मुलगी आहे. विळ्याने एक एकर गहू कापला की कंबर कशी होते आणि गव्हाचे कूस बाह्यांतून कसे टोचत राहते, हे मला कुणी सांगावे लागत नाही. तिला तर संध्याकाळी घरी जाऊन नवऱ्याची जखम धुवायची होती.

तिचा सर्वांत मोठा मुलगा एडवर्ड इंग्लंडातच राहिला होता. १८४६ मध्ये ती मायदेशी भेटीला आली, तेव्हा शिक्षक असलेल्या या मुलाने तिच्या तोंडून सगळे ऐकून लिहून काढले आणि १८४८ मध्ये ते लंडनला छापले गेले. त्यात वाढलेली जमीन आहे, गुरेढोरे आहेत, तसाच तो नदीकाठही आहे आणि गुडघाही. आई समोर बसून कापणीची गोष्ट सांगत असताना त्याला काय झाले असेल, ते मला परवापासून चांगले कळते.

तुझे बाबा म्हणतात, आईला काळजी नको म्हणून पोरीने लपवले. असेल. पण ओळखीच्या त्या माणसानेही भावाला वाईट वाटू नये म्हणूनच दुधामधाचे लिहिले असेल, आणि त्यापायी सात माणसे रात्री नदीकाठी येऊन बसली.

येत्या रविवारी फोन लावलास की आधी हात दाखव. प्लास्टर निघाले असेल तर बोटे नीट मिटतात का तेही दाखव. बाकीचे मग बोलू.

तुझी,
आई